काय सोडायचे आणि काय नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या पत्त्यावर एक खोके आले. बंगळुरात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ते पाठवले होते. सोबत दोन ओळींची चिठ्ठी : ‘सर, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात. हा खेळ खेळताना तुमची आठवण होते. मुलांना द्या.’

खोक्यात घडीचा मोठा नकाशा, पत्त्यांचे गठ्ठे आणि सात रंगांच्या चकत्या होत्या. खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. आमच्या नववीतल्या मुलांना हे नाव संगणकामुळे ठाऊक होते. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली संगणकावर आणलेला त्याच नावाचा खेळ जगभर गाजला. परंतु त्याच्याही अकरा वर्षे आधी, १९८० साली, फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थाने पटावर खेळायचा हा खेळ काढला होता. हे गृहस्थ २०१९ साली वारले. त्यांच्या खेळात फासे नाहीत. दैवाचा भाग आहे तो पत्त्यांत. नकाशा भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाचा. इजिप्त, बॅबिलोन, असीरिया, क्रीट, थ्रेस, इटली अशी राष्ट्रे आपण चालवायची. लोकवस्ती वाढवायची, शहरे वसवायची, शेजाऱ्यांशी व्यापार करायचा आणि त्या कमाईतून कुंभारकाम, वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान अशा विद्या विकत घ्यायच्या. शेजाऱ्याला बुडवून येथे जिंकता येत नाही. पाषाणयुगातून ब्रॉन्झयुगात आणि तेथून लोहयुगात जो आधी पोहोचेल तो पुढे. पुढच्या युगात पाऊल टाकायला ठरावीक शहरे आणि ठरावीक विद्या पदरी असाव्या लागतात. त्या नसतील तर सोंगटी जागच्या जागी.

मी इतिहासाचा एम.ए. तीस वर्षे सनावळ्या घोकून घेतल्या. त्यामुळे हा पट पाहून माझा जीव थोडा हलला हे कबूल करतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर इतिहासाच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि एकवीस मुलामुलींचे सात गट केले. एका राष्ट्राचे तिघे कारभारी. मूळ नियमांत नसलेला एक नियम मी घातला. प्रत्येक गटाने आरंभी आपला बेत एका कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचा. बेत बदलायचा असेल तर तिघांपैकी दोघांचे मत हवे आणि बदलाचे कारण त्याच कागदाच्या पाठीवर लिहायला हवे. पाच शनिवार हा खेळ चालला.

इजिप्तच्या गटात आमची हुशार मुले होती. त्यांचा बेत दोन पाने भरून. नाईलच्या काठी शहरे वसवायची, पत्ते साठवायचे आणि तत्त्वज्ञानासारखी महाग विद्या आधी गाठायची. बेत चांगलाच होता. तिसऱ्या शनिवारी त्यांच्या वाट्याला पुराचा पत्ता आला. नदीकाठची वस्ती वाहून गेली. या खेळात प्रत्येक शहराला पोसायला शिवारात माणसे लागतात. माणसे गेली तशी शहरेही उतरली आणि सोंगटी अडली. पुराचे नुकसान कमी करणारी अभियांत्रिकीची विद्या मधल्या भावात मिळत होती. तिघांपैकी एक जण ती घेऊ या म्हणत होता. उरलेल्या दोघांनी त्याला गप्प केले. का, तर ती कागदावर नव्हती.

थ्रेसचे उलटे. त्यांच्या कागदाची पाठ दुसऱ्याच शनिवारी भरली. एका फेरीत जहाजे, दुसऱ्या फेरीत शेजाऱ्याशी भांडण, तिसरीत शहरे. कारण विचारले तर प्रत्येक वेळी खरेच कारण असे. पण पाच शनिवारांत त्यांची सोंगटी सगळ्यांच्या मागे राहिली.

क्रीटच्या गटाने मला विचारात पाडले. त्यांचा बेत दोनच ओळींचा होता : ‘शहरे चारच्या खाली जाऊ द्यायची नाहीत. बाकी वेळ पाहून.’ बेट लहान, माणसे मावेनात. चौथ्या शनिवारी त्यांनी जहाजे भरली आणि बरीचशी वस्ती समोरच्या आशियाच्या किनाऱ्यावर नेली. मी विचारले, ‘अगं, क्रीट सोडून चाललात?’ त्यांच्यातली एक मुलगी, घरी कन्नड बोलणारी, मराठीत नेहमी दोन वाक्यांत संपवणारी, म्हणाली, ‘सर, बेटावर जागाच नाही. माणसं राहिली तर शहर कुठंही बसवता येतं.’

हे वाक्य मी घरी घेऊन गेलो. कारण त्याच समुद्राच्या काठी, आमच्या पटावर रंगवलेल्या त्याच किनाऱ्यांवर, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एका अख्ख्या नगराने हाच निर्णय घेतला होता.

इ. स. पूर्व ४८३ साली अथेन्सजवळच्या लॉरियन येथील खाणीत चांदीची मोठी शीर सापडली. लोकसभेत सूचना आली की हा पैसा नागरिकांत वाटून टाकावा, माणशी दहा द्राक्मा. थेमिस्टोक्लीझ उभा राहिला आणि त्याने ही चांदी जहाजांवर खर्च करायला लोकांना राजी केले. त्याचे लक्ष इराणच्या बादशहाकडे होते. मॅरॅथॉनची लढाई होऊन सातच वर्षे झाली होती आणि इराणी पुन्हा येणार हे तो धरून चालला होता. परंतु लोकांपुढे त्याने कारण दिले ते जवळच्या ईजायना बेटाशी चाललेल्या वैराचे. लांबचे संकट लोकांना दिसत नाही, शेजारचे दिसते, हे त्याने ओळखले होते. हाताशी येणारा पैसा सोडून द्यायला साधी माणसे तयार झाली ही त्या इतिहासातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तीन वर्षांनी, इ. स. पूर्व ४८० मध्ये, झर्क्सीझ प्रचंड सैन्य घेऊन आला. थर्मोपिलीची खिंड पडली. आता अथेन्स राखायचे कसे? डेल्फीचा कौल होता की लाकडी भिंत तेवढी अभंग राहील. काहींनी अर्थ केला, टेकडीवरच्या किल्ल्याला लाकडी कोट करा. थेमिस्टोक्लीझ म्हणाला, लाकडी भिंत म्हणजे आपली जहाजे. लोकांनी बायकामुले ट्रोइझेन, ईजायना आणि सॅलॅमिस येथे हलवली आणि नगर मोकळे केले. जे थोडे किल्ल्यावर लाकडी कोट करून राहिले ते मारले गेले. इराण्यांनी देवळे जाळली. सॅलॅमिसच्या निरुंद खाडीत मात्र त्याच जहाजांनी इराणी आरमाराचा पराभव केला. लोक परत आले आणि राखेवर पुन्हा नगर उभे राहिले.

येथे बेत कोणता आणि लवचिकपणा कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. आरमार हा लांब पल्ल्याचा बेत. तो तीन वर्षे ढळला नाही. नगर सोडणे हा वेळ पाहून केलेला बदल. आरमार नसते तर नगर सोडणे म्हणजे नुसते पळणे झाले असते. उलट, आरमार असूनही नगराच्या भिंतींना चिकटून बसले असते तर तीन वर्षांची चांदी वाया जाती.

आणि याच अथेन्सने पुढे काय केले? इ. स. पूर्व ४३१ साली स्पार्टाशी युद्ध जुंपले तेव्हा पेरिक्लीझने धोरण घालून दिले : जमिनीवर मोठी लढाई देऊ नका, भिंतीआड राहा, आरमार सांभाळा आणि युद्ध चालू असताना राज्य वाढवायच्या नादी लागू नका. दुसऱ्याच वर्षी दाटीवाटीच्या नगरात साथ शिरली. इ. स. पूर्व ४२९ मध्ये पेरिक्लीझही गेला. चौदा वर्षांनी, इ. स. पूर्व ४१५ मध्ये, लोकसभेने दूरच्या सिसिलीवर आरमार धाडायचे ठरवले. वृद्ध निकियासने विरोध केला. विरोध चालेना, तेव्हा लोक खर्चाला भिऊन मागे हटतील या आशेने त्याने सैन्याची मागणी अवाच्या सवा वाढवून सांगितली. लोकांनी तीही आनंदाने मंजूर केली. ज्यांना हे पटत नव्हते त्यांनीही, आपल्याला नगरद्रोही म्हणतील या भीतीने, हात वर केला नाही असे थ्युसिडिडीझने लिहून ठेवले आहे. दोन वर्षांत ते आरमार आणि ते सैन्य संपले.

याला लवचिकपणा म्हणता येणार नाही. माझ्या सतरंजीवरच्या थ्रेसचाच तो मोठा अवतार होता. आणि इजिप्तच्या गटात ज्या एकाला गप्प केले, तसले अनेक जण त्या लोकसभेत गप्प बसले होते.

आपल्याकडचे उदाहरण मुलांना सांगायला मला लांब जावे लागले नाही. १६८९ सालच्या मार्च महिन्यात संभाजी महाराजांची हत्या झाली. औरंगजेबाच्या फौजेने रायगडाला वेढा घातला. किल्ल्यावर राजाराम महाराज, महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू. राजधानी लढवावी, की सोडावी? परंपरा सांगते की येसूबाईंनी सल्ला दिला तो असा : सर्वांनी एके ठिकाणी अडकू नये, राजाराम महाराजांनी बाहेर पडावे, आपण मुलासह गड लढवू. पतीच्या मृत्यूला महिनाही झालेला नसताना हा सल्ला देणाऱ्या बाईंच्या मनाची कल्पना करता येत नाही. एप्रिलमध्ये राजाराम महाराज निसटले, प्रतापगडाहून पन्हाळ्यास आले आणि पन्हाळ्यालाही मोगलांचा धोका दिसताच वेष पालटून दक्षिणेस निघाले. नोव्हेंबरमध्ये ते जिंजीस पोहोचले. त्याच महिन्यात रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ साल उजाडावे लागले. तीस वर्षे!

पण जिंजीच का? कारण बारा वर्षांपूर्वी, १६७७ साली, दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेऊन मजबूत करून ठेवला होता. पुढे नेमके असे घडेल हे त्यांनाही दिसले नसेल. परंतु उत्तरेकडून मोगलांचा लोंढा कधी तरी येणार आणि तेव्हा मागे सरकायला जागा हवी, एवढे धरून केलेली ती तरतूद होती. लॉरियनची चांदी आणि जिंजीचा तट यांचे नाते मला येथे दिसते.

वाटेत राजाराम महाराजांना आसरा दिला तो केळदीच्या राणी चन्नम्माने. आमच्या भागात चन्नम्मा म्हटले की १८२४ साली इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी आठवते. ही तिच्या शतकाहून अधिक काळ आधीची. आपल्या राज्यावर मोगलांचा रोष ओढवेल हे कळत असून तिने शिवाजी महाराजांच्या मुलाला वाट करून दिली. वर्गात हे सांगितले तेव्हा क्रीटवाल्या त्या मुलीने मान वर केली. ‘आमच्याकडं हे माहीत आहे सर,’ ती म्हणाली. तिला हे तिच्या आजीने सांगितले होते. मराठी घरांतून आलेल्या वीस मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

जिंजीला झुल्फिकारखानाने १६९० साली वेढा घातला तो १६९८च्या आरंभापर्यंत चालला. या काळात महाराष्ट्रातला कारभार चालला कसा? राजाराम महाराजांनी जाताना रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपनाह हा किताब देऊन मुलखाचा अधिकार सोपवला. शंकराजी नारायण त्यांच्या जोडीला होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा इकडून तिकडे फिरत राहिल्या. जिंजीहून हुकूम येईपर्यंत कोणी हात बांधून बसले नाही. ध्येय सर्वांना माहीत होते आणि जागेवरच्या माणसाला निर्णय घ्यायची मोकळीक होती. १७०० साली राजाराम महाराज वारले, ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली, तरी हा क्रम मोडला नाही. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला तेव्हा पंचवीस वर्षे दक्षिणेत राहूनही त्याचे काम पुरे झालेले नव्हते.

या लवचिकपणाची किंमत मात्र मोजावी लागली, आणि हे मुलांपासून लपवू नये असे मला वाटते. सैनिकांना वंशपरंपरेने मुलूख तोडून द्यायचा नाही ही शिवाजी महाराजांची शिस्त होती. मोगल वतनांचे आमिष दाखवून माणसे ओढू लागले तेव्हा राजाराम महाराजांनाही वतने द्यावी लागली. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. राज्य त्याने वाचले. पण पुढच्या शतकात सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले त्याची मुळे येथेच आहेत. रामचंद्रपंतांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जे कडक इशारे आहेत ते स्वतः त्या तडजोडीतून गेलेल्या माणसाचे आहेत. आणखी एक किंमत अशी की संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आले आणि १६९७ साली संताजींचा खून झाला. एकत्र चालणाऱ्या माणसांवरचे सर्वांत मोठे संकट बाहेरून येत नाही. ट्रेशमच्या पत्त्यांतही यादवीचा पत्ता आहे, आणि तो व्यापारात दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. ज्याच्या हाती आला त्यानेच भोगायचा.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. त्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

बारा वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापक झालो तेव्हा संस्थेने शाळेच्या इमारतीवर दुसरा मजला चढवायचे ठरवले. आराखडा मी तयार करून घेतला, देणग्याही मीच फिरून गोळा केल्या. त्या वेळी आठवीच्या दोन तुकड्या दाटीने बसत. पुढे वस्त्या बदलल्या. गावात दुसऱ्या माध्यमाच्या शाळा निघाल्या, त्यांच्या गाड्या दारापर्यंत येऊ लागल्या. आमच्या दोन तुकड्यांची एक झाली. वाडीवरची मुले, विशेषतः मुली, सातवीनंतर येईनाशा झाल्या, कारण पावसाळ्यात चालत येणे होत नाही आणि बस वेळेवर मिळत नाही. एका तरुण शिक्षिकेने तीन वर्षांपूर्वी सभेत सुचवले होते की मजल्याचा निधी मुलांना आणायच्या गाडीसाठी वापरावा. मी उत्तर दिले, ‘बाई, देणगीदारांनी पैसा मजल्यासाठी दिला आहे. ठरले ते ठरले.’ त्यानंतर त्या सभेत बोलेनाशा झाल्या. माझ्या ते लक्षातही आले नाही.

पाचव्या शनिवारी खेळ संपला. क्रीट दुसरे आले, बॅबिलोन पहिले. मुले गेली, मी चकत्या गोळा करीत होतो आणि इजिप्तचा कागद हाती आला. पाठीमागची बाजू कोरी. मला माझा आराखडा आठवला. आम्हाला मजला हवा होता तो कशासाठी? मुलांना मराठीतून शिकता यावे म्हणून. राखायचे होते ते हे. मजला ही नुसती वाट होती. वाटेलाच मी मुक्काम समजून बसलो.

पुढच्या सभेत मी त्या शिक्षिकेची सूचना माझ्या नावाने न मांडता तिच्याच नावाने मांडली आणि तीन वर्षांपूर्वी माझे चुकले हे इतिवृत्तात लिहून घेतले. चर्चा सरळ झाली असे नाही. एक जुने सभासद म्हणाले, ‘आज गाडी म्हणता, उद्या म्हणाल मराठीचा एक वर्गही नको.’ त्यांची भीती खोटी नव्हती. वतनांचा इतिहास मी नुकताच शिकवला होता. तेव्हा आम्ही आधी एका कागदावर लिहिले की काय सोडायचे नाही : पहिली ते दहावी शिकवणे मराठीतून होईल, कन्नड आणि इंग्रजी चांगल्या शिकवल्या जातील आणि फीपायी कोणी मूल परत जाणार नाही. या तीन ओळींवर सर्वांच्या सह्या झाल्या. मग बाकीचे बोलणे सोपे झाले. प्रत्येक देणगीदाराला पत्र पाठवून परवानगी मागितली. बहुतेकांनी दिली. दोघांनी पैसे परत मागितले, ते परत केले.

जूनपासून गाडी सुरू झाली. तिने शाळा वाचली असे म्हणायला अजून वेळ आहे. वाडीवरच्या अकरा मुली आठवीत आल्या, एवढे आज सांगता येते. मजल्याच्या सळ्या अजून गच्चीवर उभ्या आहेत. पावसाने गंजू नयेत म्हणून शिपाईमामांनी त्यांना रंग लावला आहे. पुढेमागे मुले वाढली तर लागतील.

सभेतला तो कागद मी चौकटीत लावून घेतला आणि कचेरीत टांगला. टांगण्यापूर्वी उलटा करून पाहिला. पाठ कोरी आहे. तेथे पुढच्या मुख्याध्यापकांना लिहायला जागा आहे. फक्त कारण लिहावे आणि सभेतल्या सर्वांचे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.